जपानमध्ये क्रुसावर गेलेला वसईचा दुभाष्या, ज्याची त्याच्याच माणसांना लाज वाटायची

रविवारी नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की कळंबला जाणाऱ्यांची गर्दी दिसते. काळसर वाळू, सुरूची झाडं आणि संध्याकाळचा समुद्र बघायला मुंबईतून लोक येतात, फोटो काढतात, परत जातात.

याच भागात गास नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चला नाव आहे संत गोन्सालो गार्सिया. वसईत त्याच्या नावाचं कॉलेजही आहे, त्यामुळं तालुक्यातल्या कितीतरी पोरापोरींच्या मार्कशीटवर हे नाव छापून आलेलं आहे.

पण हा गोन्सालो गार्सिया कोण, असं विचारलं तर बाहेरच्या माणसाला वाटतं, असेल कुणीतरी पोर्तुगीज साहेब.

तसं नाहीये. हा माणूस वसईत जन्मलेला, इथल्याच बाईच्या पोटचा. जपानी भाषा त्याला इतकी यायची की तो थेट जपानच्या सत्ताधीशासमोर दुभाष्या म्हणून उभा राहिला. आणि ज्या मिशनसाठी त्यानं तरुणपणाची वर्षं घातली, त्याच मिशनच्या मोठ्या लोकांनी त्याला आपल्यातला म्हणून कधी मानलं नाही.

त्याचीच ही गोष्ट.

वसईचा पोरगा

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढं दोनशे वर्षं वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचं निशाण होतं. किल्ल्यात चर्च झाली, मठ झाले, शाळा झाल्या. उत्तरेला आगाशीला जहाजं बांधली जायची. कळंब, राजोडी, अर्नाळा या पट्ट्यासमोरून गलबतांची ये-जा चालायची.

याच काळात, १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथली. पोर्तुगीज लोक कोकणपट्टीतल्या देशी माणसांना कानारिम म्हणायचे. गोन्सालोच्या आईची नोंदही तशीच सापडते.

आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या पोर्तुगीज समाजात माणसाची किंमत रक्तावर ठरायची. सगळ्यात वर पोर्तुगालमध्ये जन्मलेला गोरा. त्याच्या खाली भारतात जन्मलेला, पण दोन्ही बाजूंनी गोरा. त्याच्याही खाली मिश्र रक्ताचा मेस्तिसो. आणि तळाला देशी ख्रिस्ती. गोन्सालो मेस्तिसो होता. बापाच्या लोकांसाठी काळा आणि आईच्या लोकांसाठी फिरंगी.

किल्ल्यात जेझुइट धर्मगुरूंची शाळा होती. जेझुइट म्हणजे येशूसंघ, सेंट फ्रान्सिस झेवियर ज्या संघाचे होते तोच. गोन्सालो त्यांच्याच हाताखाली शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा झाला तेव्हा जेझुइट मिशनऱ्यांबरोबर तो जहाजात बसला. जायचं होतं जपानला.

जीभ पोराची, मान दुसऱ्याचा

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म नेला तो झेवियर यांनी, १५४९ साली. त्यानंतर युरोपातून धर्मगुरू येत राहिले, पण सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडायची, ती म्हणजे भाषा. जपानी शिकायला वर्षं लागायची. तोवर लोकांशी बोलायचं कुणी?

इथं गोन्सालोसारखी पोरं कामाला यायची. वय लहान, कान तयार. तो बाजारात हिंडला, लोकांत बसला, बघता बघता फाडफाड जपानी बोलायला लागला. सुमारे आठ वर्षं त्यानं धर्मशिक्षकाचं काम केलं. घरोघरी जाऊन प्रार्थना शिकवायची, नव्या ख्रिस्ती लोकांना धर्माची ओळख करून द्यायची आणि गरज पडेल तिथं भाषांतर करायचं.

त्याची एकच इच्छा होती, जेझुइट संघात रीतसर दाखल व्हायची.

पण त्याला घेतलं नाही.

कारण समजून घ्यायचं तर त्या वेळचं वातावरण बघावं लागतं. आशियातल्या जेझुइट मिशनची सूत्रं तेव्हा आलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन धर्मगुरूच्या हातात होती. माणूस अतिशय हुशार. जपानी संस्कृतीचा त्याला मनापासून आदर होता. मिशनऱ्यांनी जपानी रीतिरिवाज शिकलेच पाहिजेत, असा त्याचा आग्रह असायचा. जपानी तरुणांना संघात घ्या, हेही त्यानंच लावून धरलं आणि १५८० साली जपानमध्ये त्यांच्या प्रशिक्षणाची सोय केली.

पण हाच वालिन्यानो भारतीयांच्या आणि मिश्र रक्ताच्या लोकांच्या बाबतीत मात्र कडक होता. त्याच्या लेखी जपानी आणि चिनी लोक गोऱ्यांत मोडत होते. भारतीय काळे, म्हणून संघासाठी अयोग्य. पेरो लुइस नावाच्या केरळमधल्या एका ब्राह्मणाला १५७५ साली संघात घेतलं होतं. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं, म्हणजे १७७३ मध्ये संघावर बंदी येईपर्यंत, तो एकच अपवाद राहिला असं सांगितलं जातं.

म्हणजे झालं असं, की ज्या जपानी पोरांमध्ये गोन्सालो धर्म शिकवत फिरत होता, त्या पोरांसाठी संघाचं दार उघडलं. शिकवणारा मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला.

धंद्यात पडला, पैसाही कमावला

आता कुणीही जे केलं असतं तेच गोन्सालोनं केलं. मिशन सोडलं आणि व्यापारात उतरला.

पूर्वेच्या समुद्रात तेव्हा पैशाला तोटा नव्हता. चीनचं रेशीम जपानला जायचं, जपानची चांदी चीनला यायची, मनिलामध्ये मेक्सिकोहून चांदीनं भरलेली जहाजं लागायची. ज्याला चार भाषा येतात आणि चार बंदरांत ओळखी आहेत, त्याच्यासाठी तर हे दिवस सुगीचेच. गोन्सालोचा धंदा चांगला चालला.

इथंच गोष्ट संपली असती, तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. ज्यांनी अपमान केला त्यांच्यापेक्षा जास्त पैसा कमावला आणि सुखानं जगला, अशी ही एक सरळ सक्सेस स्टोरी झाली असती.

पण धंद्याच्या निमित्तानं तो मनिलाला जायचा, आणि तिथं त्याची गाठ फ्रान्सिस्कन साधूंशी पडली. असिसीचे संत फ्रान्सिस यांचा हा पंथ. मनिलातले फ्रान्सिस्कन त्यातही कडक शिस्तीचे होते. पायात धड जोडा नाही, अंगावर जाडाभरडा झगा, कमरेला दोरी. रोजचं काम म्हणजे गरिबांची आणि महारोग्यांची सेवा.

१५८७-८८ च्या सुमारास गोन्सालोनं धंदा सोडला आणि तो या पंथात दाखल झाला.

तोही ब्रदर म्हणून. फादर म्हणजे ज्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळालेली असते, तो मिस्सा अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो. ब्रदरला यातलं काही करता येत नाही. मठातली कामं, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, दारावर आलेल्याला अन्न देणं, हे त्याच्या वाट्याला. पंथातली ही सगळ्यात खालची पायरी. गोन्सालो शेवटपर्यंत याच पायरीवर राहिला.

हिदेयोशीच्या दरबारात

इकडं जपानमध्ये सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात आली होती. साध्या घरात जन्मलेला हा माणूस तलवारीच्या आणि डोक्याच्या जोरावर अख्ख्या जपानचा मालक झाला होता. १५८७ साली त्यानं मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला, पण अंमलबजावणी ढिली ठेवली. जेझुइट आवाज न करता काम करत राहिले.

पुढं हिदेयोशीनं फिलिपिन्समधल्या स्पॅनिश गव्हर्नरकडं मागणी केली की आमचं मांडलिकत्व मान्य करा. स्पॅनिश लोक घाबरले. वेळ काढायला वकील पाठवायचं ठरलं. त्यासाठी निवड झाली पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूची.

बाउतिस्ता हुशार होते, पण त्यांना जपानी येत नव्हतं. मग दुभाष्या कोण?

ब्रदर गोन्सालो.

१५९३ च्या मे महिन्यात हे लोक मनिलाहून निघाले. हिदेयोशी तेव्हा क्युशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात होता, तिथून कोरियावरच्या स्वारीचा कारभार चालायचा. त्या दरबारात चहूबाजूंनी सामुराई सरदार बसलेले. समोर आशियातला सगळ्यात ताकदवान आणि लहरी सत्ताधीश. आणि त्याच्याशी बोलायला उभा कोण, तर जाडाभरड्या झग्यातला वसईचा एक ब्रदर. एका चुकीच्या शब्दानं सगळ्यांची मुंडकी उडाली असती.

तसं झालं नाही. मनिलाहून पुढचं उत्तर येईपर्यंत जपानमध्ये राहण्याची परवानगी या साधूंना मिळाली. त्यानंतर क्योटोमध्ये जागाही मिळाली. १५९४ मध्ये तिथं चर्च उभं राहिलं. सुरुवातीच्या काळात या सगळ्या कामात लोकांशी बोलणं, अधिकाऱ्यांना समजावणं, प्रवचनं जपानीत सांगणं हा भार मोठ्या प्रमाणात गोन्सालोवर होता. नाव वकिलाचं, हुद्दा धर्मगुरूंचा आणि आवाज ब्रदरचा, असा तो कारभार होता.

लाज कसली वाटत होती?

जेझुइटांना हे फ्रान्सिस्कन साधू अजिबात आवडले नाहीत. याला एक कारण कायद्याचं होतं. जपानमध्ये धर्मप्रसाराचं काम फक्त जेझुइटांनी करावं, असा आदेश पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये काढला होता. त्यात जेझुइट पोर्तुगालच्या बाजूचे आणि फ्रान्सिस्कन स्पेनच्या बाजूचे, त्यामुळं व्यापाराची आणि राजकारणाचीही चढाओढ होती.

पण खरी अडचण दिसण्याची होती.

झेवियर पहिल्यांदा यामागुचीच्या सरदाराला भेटायला गेले होते ते फाटक्या कपड्यात. तिथं त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा ते चांगले कपडे आणि भेटवस्तू घेऊन गेले, तेव्हा मानानं आत घेतलं. जेझुइटांनी हा धडा पक्का लक्षात ठेवला. जपानमध्ये माणसाची पारख त्याच्या राहणीवरून होते, तेव्हा आपली राहणी बौद्ध मठातल्या मोठ्या आचार्यांच्या तोडीची पाहिजे, असं वालिन्यानोचं धोरण होतं.

महारोग्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. लुईस द आल्मेदा या जेझुइटानं १५५७ साली फुनाई इथं इस्पितळ काढलं होतं आणि त्यात महारोग्यांसाठी वेगळी सोय होती. गरीब लोक भरभरून आले. पण वरच्या वर्गातले लोक म्हणायला लागले, हा तर रोग्यांचा आणि भिकाऱ्यांचा धर्म. जपानमध्ये महारोग्याला घरातून, गावातून काढून टाकायचे. त्याला शिवणारा माणूसही अपवित्र. पुढं जेझुइटांनी या कामातून अंग काढून घेतलं.

आणि आता हे फ्रान्सिस्कन आले ते अनवाणी, झोळी घेऊन, आणि थेट राजधानी क्योटोमध्ये महारोग्यांसाठी इस्पितळं काढून बसले.

जेझुइटांच्या नजरेनं बघा. पन्नास वर्षं खपून सरदार-दरकदारांत कमावलेली प्रतिष्ठा हे चार साधू धुळीला मिळवणार. त्यात त्यांचा दुभाष्या कोण, तर कालपर्यंत आपल्याच हाताखाली वावरणारा मेस्तिसो पोरगा, ज्याला आपण संघात घेतलं नव्हतं.

जेझुइटांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला पाहिजे. हिदेयोशीचा हुकूम अजून मागं घेतलेला नव्हता. फ्रान्सिस्कन मात्र उघडपणे मिस्सा करत होते, घंटा वाजवत होते. याचा भुर्दंड सगळ्याच ख्रिस्ती लोकांना बसेल असं जेझुइट सांगत होते, आणि पुढं तसंच झालं.

पण गोन्सालोच्या बाजूनं बघितलं तर चित्र वेगळं दिसतं.

त्याला दोन्ही घरं माहीत होती. कुठं मान मिळतो आणि कुठं मिळत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? धर्म सांगायचा तर आधी समोरच्याच्या नजरेत मोठं दिसलं पाहिजे, ही शिकवण त्यानं पहिल्या घरात पाहिली होती. आणि त्या मोठं दिसण्याच्या हिशेबात आपली जागा कुठं आहे, हेही तिथंच त्याला कळलं होतं. महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्या साधूंमध्ये तो हिशेबच नव्हता. तिथं कुणाची आई कोण होती हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

ख्रिस्ती परंपरेत पुढारी कसा असावा, हे सांगणारा एक प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे तेव्हा गुलामाचं काम. पेत्र या शिष्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो आधी नको म्हणाला. म्हणजे ज्याचे पाय धुतले जात होते त्यालाच गुरूची लाज वाटली. आजही वसईतल्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू वाकून लोकांचे पाय धुतात, ते याच प्रसंगाची आठवण म्हणून.

क्योटोमध्ये तेच चाललं होतं, फक्त रोज, आणि महारोग्यांच्या बाबतीत.

एक फुटलेलं जहाज

ऑक्टोबर १५९६. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडं निघालं होतं. वादळात सापडून ते जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. आत प्रचंड किमतीचा माल होता. हिदेयोशीच्या माणसांनी तो जप्त केला.

यावरून वाद पेटला. जहाजावरच्या खलाश्यानं स्पेनच्या ताकदीची फुशारकी मारली, आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मग सैन्य, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला, असं सांगतात. नेमकं काय बोलणं झालं आणि कुणी कुणाचे कान भरले, यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढं कित्येक वर्षं एकमेकांवर आरोप करत राहिले.

हिदेयोशीनं मात्र निर्णय घेऊन टाकला. डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाकामधल्या फ्रान्सिस्कन मठांना पहारे बसले. पकडलेल्यांत सहा फ्रान्सिस्कन होते. बाउतिस्ता होते, गोन्सालो होता, आणि त्या फुटलेल्या जहाजावरून आलेला मेक्सिकोचा तरुण फेलिपे द हेसूसही होता. तीन जेझुइटही यात सापडले. तिघंही जपानी, त्यातला पॉल मिकी सामुराई घराण्यातला. बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती होते. स्वयंपाकी, सुतार, इस्पितळात काम करणारे. बारा ते चौदा वर्षांची तीन मुलंही होती. मथायस नावाच्या स्वयंपाक्याला शिपाई शोधत होते. तो सापडेना. तेव्हा त्याच नावाचा दुसराच एक माणूस पुढं आला आणि त्याच्या जागी गेला.

३ जानेवारी १५९७ ला क्योटोमध्ये या लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग बैलगाड्यांत बसवून क्योटो, ओसाका आणि साकाईच्या रस्त्यांवरून धिंड काढली.

त्या काळच्या जपानमध्ये मरणापेक्षा धिंड वाईट समजली जायची. ज्या शहरात आपण प्रवचन दिलं, ज्या रस्त्यावरून औषधं घेऊन गेलो, तिथूनच रक्ताळलेल्या कानानं गाडीतून जायचं. ज्यांनी मदत घेतली होती त्यातल्या कित्येकांना त्या दिवशी ओळख दाखवण्याचीही सोय नव्हती, कारण ओळख दाखवणारा पुढच्या गाडीत बसला असता.

तिथून नागासाकी शेकडो मैलांवर. ऐन थंडीत जवळपास महिनाभर हा प्रवास चालला. गावागावांतून लोकांना दाखवत, दहशत बसावी म्हणून. वाटेत आणखी दोघं या जथ्यात धरले गेले आणि आकडा झाला सव्वीस.

निशिझाका टेकडी

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीजवळची निशिझाका टेकडी. समोर समुद्र. सव्वीस क्रूस आधीच आणून ठेवले होते.

परंपरा असं सांगते की टेकडीवर पोचल्यावर क्रुसावर पहिल्यांदा गेला तो गोन्सालो. जपानी पद्धतीत क्रुसाला बांधून उभं करायचे आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे. सव्वीस जण तसेच गेले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

त्याच रांगेत, त्याच्यापासून काही क्रूस सोडून, पॉल मिकी होता. मिकीला जेझुइट संघात जागा मिळाली होती, गोन्सालोला मिळाली नव्हती. टेकडीवर दोघांचे क्रूस सारखेच होते.

मेल्यावरही रांगेत मागं

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केलं. ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला आणि संतपदाला पोचलेला पहिला माणूस म्हणजे वसईचा गोन्सालो गार्सिया.

मग हे नाव भारतभर माहीत का नाही?

एक कारण इतिहासाचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. आज त्या पडक्या भिंतींमध्ये गोन्सालोच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च आहे, बाकीच्यांवर वड-पिंपळाची मुळं चढली आहेत.

दुसरं कारण तेच जुनं, रक्ताचं. पोर्तुगीजांच्या काळात तो पुरेसा पोर्तुगीज नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो पुरेसा भारतीय वाटला नाही, कारण बाप पोर्तुगीज आणि नावही तसंच. २००८ साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं तेव्हा पहिल्या भारतीय संत म्हणून त्यांच्या बातम्या आल्या. पहिल्या भारतीय स्त्री संत हे बरोबरच होतं. पण मोजणी करताना अनेकांनी वसईच्या माणसाला धरलंच नाही.

त्याच रांगेतला फेलिपे द हेसूस बघा. त्याचे आईबाप तर स्पॅनिश होते, पण जन्म मेक्सिकोचा. मेक्सिकोनं त्याला आपला पहिला संत म्हणून डोक्यावर घेतलं. जन्माच्या मातीवर हक्क सांगायला त्यांना अवघड गेलं नाही.

मग नम्रता म्हणजे काय?

गोन्सालोची गोष्ट सांगताना एक सोपी चूक होते. त्यानं अपमान गिळला आणि मुकाट काम केलं, म्हणून तो मोठा, असं म्हणून आपण मोकळे होतो. ही मांडणी अपमान करणाऱ्याच्या फार सोयीची आहे. एखाद्याला दाराबाहेर ठेवायचं आणि वर त्यालाच नम्रतेचे धडे द्यायचे, हा उद्योग धर्मातही चालतो, राजकारणातही चालतो आणि ऑफिसातही.

त्यानं तसं केलेलं दिसत नाही. जिथं किंमत नव्हती तिथून तो निघाला. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केला. मग जे काम त्याला खरोखर करायचं होतं, ते करायला तो दुसऱ्या दारानं परत आला. येताना मात्र त्यानं हुद्दा मागितला नाही आणि जुना हिशेबही काढला नाही. ज्या देशातून तो नकार घेऊन बाहेर पडला होता, त्याच देशात तो ब्रदर म्हणून परतला आणि ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांच्यात जाऊन राहिला.

त्याला नाकारणाऱ्यांची बाजू यामुळं बरोबर ठरत नाही. रक्त बघून माणूस बाहेर ठेवणं ही चूक होती आणि पुढं चर्चनंही तो रस्ता सोडला. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या मातीतला पोरगा एकेकाळी संघात घ्यायच्या लायकीचा नव्हता, त्याच मातीतले शेकडो फादर आणि सिस्टर आज देशभर आणि परदेशात काम करतात.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ साली स्मारक उभं राहिलं. एका लांब भिंतीवर ब्राँझचे सव्वीस पुतळे एका रांगेत आहेत. वकील, धर्मगुरू, सामुराई, सुतार, स्वयंपाकी, पोरं, सगळे एकाच रांगेत. जगभरातून लोक तिथं येतात. त्यातला एक पुतळा आपल्या वसईच्या माणसाचा आहे.

पुढच्या वेळी कळंबला गेलात तर येताना गासच्या चर्चकडंही एक चक्कर टाका. साडेचारशे वर्षांपूर्वी याच समुद्रावरून एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा जपानला गेला होता, आणि तो परत आला नाही.